भयाचे मोल कोणी द्यावे?

भ्यालेल्या माणसाने आपल्या घराचे दार लावून घेतले तर त्याला पाप लागते काय? प्रश्न ऐकायला सोपा, पण त्यात दोन धर्मांची गाठ पडलेली आहे. रात्री गावात दरोडा पडला, आणि दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला पावसात भिजलेला कोणी अनोळखी वाटसरू लेकरू कडेवर घेऊन ओसरीवर उभा राहिला, तर घरधन्याने काय करावे? आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे आपण आजी-आजोबांच्या तोंडून ऐकत आलो. घरातल्या माणसांचे रक्षण करावे, हेही त्यांनीच सांगितले. दोन्ही खरे. मग अशा वेळी काय करावयाचे, हे पोथीत बोट ठेवून दाखवता येत नाही. तिथे विवेकालाच कामाला लावावे लागते.

हा प्रश्न आम्ही नुसता चर्चेकरिता काढलेला नाही. गेल्या काही वर्षांत मोठमोठ्या राष्ट्रांच्या ओसरीवर तो प्रत्यक्ष येऊन उभा राहिला. अतिरेक्यांनी कुठे रक्तपात केला की आठ दिवसांच्या आत तीन वाद पेटतात. निर्वासितांना देशात घ्यावे की नाही? लोकांच्या हाती बंदुका असाव्यात की नाही? आणि सुरक्षेच्या नावाखाली सरकारने माणसांच्या किती झडत्या घ्याव्यात? वर्तमानपत्रे हे तीन वाद तीन पानांवर छापतात. आम्हांला विचाराल तर वाद एकच आहे. भय सर्वांनाच वाटते. त्या भयाचे मोल कोणी मोजावयाचे, यावरून ही सगळी ओढाताण.

पॅरिसचेच पाहा. १३ नोव्हेंबर २०१५, शुक्रवारची रात्र. खेळाच्या मैदानाबाहेर, उपाहारगृहांच्या दारांत, आणि बाताक्लां नावाच्या नाट्यगृहात मिळून १३० माणसे मारली गेली. त्यांतली ९० एकट्या नाट्यगृहात. मैदानाबाहेर स्वतःला उडवून घेणाऱ्या एका मारेकऱ्याजवळ सीरियाचे पारपत्र सापडले. ते खोटे होते, पण त्याच्या बोटांचे ठसे ३ ऑक्टोबरला ग्रीसच्या लेरोस बेटावर निर्वासितांच्या नोंदणीत उमटलेले निघाले. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पुष्कळ भली माणसे निर्वासितांची बाजू मांडताना एवढे वाक्य गिळून टाकतात, आणि मग ऐकणाऱ्याचा त्यांच्या बाकीच्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो. लोंढ्यातून मारेकरी आला, हे खरे. त्याबरोबर हेही खरे की, त्या रात्रीचे बहुतेक हल्लेखोर फ्रान्स आणि बेल्जियम या देशांचेच नागरिक होते, आणि त्यांतले काही सीरियात लढून परत आलेले होते. त्या एका वर्षात समुद्र ओलांडून युरोपात उतरलेली माणसे दहा लाखांवर होती. ज्या युद्धाने हे मूठभर मारेकरी घडवले, त्याच युद्धातून जीव घेऊन पळालेली लाखो माणसे त्या लोंढ्यात होती.

आता अमेरिकेत काय झाले ते बघा. घाव पॅरिसला बसला, पण आठवडा उलटायच्या आत अमेरिकेतल्या पन्नासपैकी निम्म्याहून अधिक राज्यांच्या गव्हर्नरांनी जाहीर केले की, सीरियाचे निर्वासित आमच्याकडे नकोत. १९ नोव्हेंबरला तिथल्या प्रतिनिधिगृहाने २८९ विरुद्ध १३७ मतांनी एक विधेयक मंजूर केले. त्याप्रमाणे सीरिया आणि इराकमधल्या एकेका निर्वासिताबद्दल देशाच्या सर्वोच्च सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतः हमी द्यावयाची होती. वास्तविक त्या वेळीसुद्धा एका सीरियन कुटुंबाची छाननी दीड ते दोन वर्षे चालत असे. आलेला माणूस दारात उभा राहून आत शिरला, असे तिथे घडतच नव्हते. ते विधेयक पुढे सिनेटमध्ये अडले, हे खरे. पण २७ जानेवारी २०१७ रोजी नव्या अध्यक्षांनी एका हुकुमानेच सीरियाच्या निर्वासितांना बेमुदत बंदी केली.

आणि त्याच सुमारास दुसरा प्रसंग घडला. २ डिसेंबर २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सान बर्नार्डिनो गावी एका नवरा-बायकोने १४ माणसांना गोळ्या घातल्या. नवरा अमेरिकेतच जन्मलेला. बायको परदेशातून आली होती, पण निर्वासित म्हणून नव्हे, लग्नाच्या परवान्यावर. आणि रायफली? त्या एका ओळखीच्या माणसाने चांगल्या राजरोस दुकानातून विकत आणलेल्या. दुसऱ्याच दिवशी सिनेटपुढे एक सूचना आली की, ज्यांची नावे अतिरेकी म्हणून सरकारच्या संशयाच्या यादीत आहेत त्यांना तरी बंदूक विकू नये. ती ४५ विरुद्ध ५४ मतांनी पडली. सरकारी तपासनिसांच्या हिशेबाप्रमाणे २००४ ते २०१४ या काळात यादीतल्या माणसांनी बंदूक घेण्यासाठी २,२३३ वेळा अर्ज केला आणि २,०४३ वेळा तो मान्य झाला. संशयिताला बंदूक मिळते आणि युद्धातून पळालेल्या लेकुरवाळीला दार मिळत नाही, असा हा न्याय!

इथे कोणी म्हणेल, तुम्ही एकाच बाजूने बोलता. त्या यादीत नाव का आले हे माणसाला कळत नाही, चुकून आले तरी काढून घ्यायला वाट नाही, म्हणून नागरी हक्कांची राखण करणाऱ्या मंडळींनीही तिला हरकत घेतली होती. शिवाय त्यांच्या राज्यघटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहून ठेवलेला आहे. ही हरकत पोकळ नाही. नुसत्या संशयावरून कोणाचा हक्क काढून घेऊ नये, हे म्हणणे आम्हांलाही पटते. पण मग हेच शहाणपण निर्वासितांच्या विधेयकाच्या वेळी कुठे गेले होते? तिथे तर नावाची यादीही नव्हती. अमुक देशात जन्मला एवढाच संशय पुरला. कारण उघड आहे. बंदूक बाळगणारा मत देतो, वर्गणी देतो, सभेत उठून बोलतो. निर्वासिताला मतही नाही आणि आवाजही नाही. भयाची किंमत वसूल करावयाची झाली की माणूस आधी तिथे हात घालतो, जिथून कोणी हात धरणार नाही.

फ्रान्सबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्यक्ष घाव बसलेल्या त्या देशाच्या अध्यक्षांनी हल्ल्यानंतर पाचव्या दिवशी सांगितले की, दोन वर्षांत ३०,००० निर्वासित घेण्याचा आमचा शब्द आम्ही पाळू. दुखावलेल्या माणसाच्या तोंडी ही भाषा आली, याचे आम्हांला फार वाटते. अर्थात तिथेही आणीबाणी पुकारली गेली. ती १ नोव्हेंबर २०१७ पर्यंत चालली, आणि न्यायाधीशाच्या हुकुमावाचून चार हजारांवर झडत्या झाल्या. तेव्हा तिथे सगळे सोन्याचेच होते असे नव्हे.

आता बंदुकीकडे वळू. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना हा वाद परका वाटेल. आपल्याकडे बंदूक म्हणजे फार तर एखाद्या जुन्या वाड्यातली, खुंटीवर टांगलेली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून ती कोणाला बाळगता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकालाही तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवण्याची मर्यादा घातली. पण न्यूझीलंड नावाच्या लहानशा देशात जे घडले ते आपल्यालाही विचार करायला लावणारे आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

१५ मार्च २०१९, पुन्हा शुक्रवारच. क्राइस्टचर्च शहरात दुपारच्या प्रार्थनेच्या वेळी एक मनुष्य दोन मशिदींत शिरला आणि त्याने गोळीबार केला. एकंदर ५१ माणसे गेली. या वेळी मारणारा निर्वासित नव्हता. तो ऑस्ट्रेलियातून आलेला गोरा मनुष्य होता, आणि परदेशातून येऊन वसलेल्यांचा द्वेष हेच त्याचे कारण होते. मरणाऱ्यांत मात्र निर्वासित होते. २० मार्चला पहिले दफन झाले ते सीरियातून आश्रयाला आलेल्या एका बाप-लेकाचे. मशिदीच्या दारात उभ्या असलेल्या एकाने त्या मारेकऱ्याला ‘बंधू’ म्हणून हाक मारली, असे तेव्हा जगभर छापून आले. आपल्या वाटेवर भेटेल त्याला माउली म्हणतात ना, तसेच ते. ती हाक मारणाऱ्याला दार लावून घेता आले असते. त्याने लावले नाही, आणि तो गेला. हा प्रसंग वाचून आमचे मन बरेच दिवस अडखळले. दार उघडे ठेवणाऱ्याचे नेहमी भलेच होते, असे कोणी सांगू लागला तर त्याने आधी या दारात जाऊन यावे.

पुढे त्या देशाने जी चौकशी केली तिचा अहवाल २०२० च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. त्यात दोन गोष्टी आढळल्या. सुरक्षा खात्यांनी आपले सारे लक्ष मुसलमान अतिरेक्यांवरच गरजेपेक्षा जास्त लावले होते. अर्थात तसे नसते तर हा हल्ला आधी कळलाच असता, असे म्हणायला अहवाल तयार नाही. दुसरी गोष्ट त्याच्या परवान्याची. बंदुकीच्या परवान्यासाठी अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या माणसांनी ग्वाही द्यावी लागते. या मनुष्याच्या बाबतीत मुख्यतः संगणकावरच्या खेळातून ओळख झालेल्या मित्राची ग्वाही चालवून घेतली गेली. आमच्या मनात आले, सीरियातल्या विधवेने असली ग्वाही पुढे केली असती तर ती कोणी चालवून घेतली असती काय?

हल्ल्यानंतर महिना लोटायच्या आत, १० एप्रिलला, तिथल्या संसदेने ११९ विरुद्ध एका मताने लष्करी धर्तीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली. सरकारने पैसे मोजून त्या परत घेतल्या. २० डिसेंबरला मुदत संपेपर्यंत ५६,००० च्या आसपास बंदुका गोळा झाल्या. पैसा करदात्यांचा, बंदुका शेतकऱ्यांच्या आणि शिकाऱ्यांच्या.

यावर तिथल्या कित्येक बंदूकवाल्यांनी तक्रार केली, आणि ती तक्रार ऐकून घेण्याजोगी आहे. ते म्हणाले, पाप एकाने केले, शिक्षा आम्हां सर्वांना का? आम्ही वर्षानुवर्षे नियमाने वागलो, कोणाच्या केसाला धक्का लावला नाही. सज्जनहो, हेच वाक्य निर्वासित बोलतो की नाही? एकाच्या पापाबद्दल माझ्या लेकरांना का हाकलता, हेच तर तो विचारतो. मग आम्ही एकाचे गाऱ्हाणे मानतो आणि दुसऱ्याचे मानत नाही, हा दुटप्पीपणा नव्हे काय? या प्रश्नाशी आम्ही बराच वेळ बसलो, कारण सगळ्या वादाचे मूळ इथेच आहे.

आमचे म्हणणे असे. दोघांवरही थोडा अन्याय होतो, हे आधी कबूल करावे. निरपराध माणसाकडून काहीतरी घेतले जाते, त्याला दुसरा शब्द नाही. पण काय घेतले जाते ते पाहा. बंदूकवाल्याची एक वस्तू गेली. तिचे पैसे मिळाले. रात्री तो आपल्याच घरात, आपल्याच अंथरुणावर झोपला. निर्वासिताला नाकारले तर त्याचे छप्पर जाते, भरपाई नाही, आणि परतीच्या वाटेवर आग लागलेलीच असते. दुसरे असे की, बंदूक हे मारण्याचे साधन आहे. ज्याने ५१ माणसे मारली त्याच जातीची ती वस्तू. निर्वासित हा साधन नव्हे, माणूस आहे. आणि तिसरी गोष्ट, जी आम्हांला सर्वांत मोठी वाटते. न्यूझीलंडच्या लोकांनी किंमत आपल्यातल्या आपल्यात वाटून घेतली. ज्यांच्यावर कायदा लागायचा होता त्यांनीच निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी तो केला. निर्वासिताच्या बाबतीत मात्र ठरवणारा एक आणि भोगणारा दुसरा.

एवढ्याने सारे सुटते, असे मात्र नाही. फ्रान्सचे बंदुकीचे कायदे आधीपासून कडकच होते. मारेकऱ्यांनी चोरट्या वाटेने शस्त्रे मिळवली. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्याच एका दुकानात घुसलेल्याजवळ स्लोव्हाकियात निकामी म्हणून विकलेल्या आणि पुन्हा चालू केलेल्या बंदुका निघाल्या. २०१६ साली नीस शहरात एकाने मालमोटार गर्दीत घालून ८६ माणसे चिरडली; त्याच वर्षी बर्लिनच्या नाताळच्या बाजारातही तेच झाले, आणि तिथला मारेकरी तर आश्रयाचा अर्ज फेटाळला गेलेला माणूस होता. तेव्हा कायद्याने भय मुळापासून जाईल, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मग तो बंदुका काढा म्हणणारा असो की दारे लावा म्हणणारा.

आपल्या मुंबईकडे पाहिले तर मोल कोण देतो ते जास्त जवळून दिसते. २६ नोव्हेंबर २००८ ला आलेले दहा जण समुद्रावरून आले. ‘कुबेर’ नावाची मासेमारीची नौका त्यांनी पळवली आणि तिच्यावरच्या खलाशांना ठार मारले. म्हणजे १६६ जणांचे प्राण घेणाऱ्या त्या हल्ल्यात पहिले बळी दर्यावर पोट भरणारेच. दक्षिण मुंबईत मच्छीमारांच्या वस्तीजवळ ते उतरले तेव्हा त्यांना प्रथम हटकले तेही तिथल्या कोळ्यांनीच. आणि हल्ल्यानंतर काय झाले? बोटांच्या ठशांची ओळखपत्रे, नौकांची नोंदणी, समुद्रात अडवून तपासणी, हे सारे आले कोळ्यांच्याच माथी. ते करू नये असे आम्ही म्हणत नाही. किनारा मोकळा टाकून चालणार नाही. पण ज्यांनी आधी प्राण दिले आणि आधी हटकले, त्यांना संशयित मानून नव्हे तर राखणदार मानून हे करता येते. आणि ओळखपत्राच्या पायी बुडालेल्या दिवसाची मजुरी कोणी भरून द्यायची, हाही प्रश्न कोणीतरी विचारावा की नाही?

त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हातात नुसती लाठी घेऊन उभे होते. त्यांनी मारेकऱ्याच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या आपल्या अंगावर घेतल्या. म्हणून तो जिवंत सापडला. पुढे त्यांना अशोकचक्र मिळाले. ओंबळ्यांना भय वाटले नसेल, असे आम्ही म्हणणार नाही; ते काही दगडाचे नव्हते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची मोजणी अभयापासून सुरू होते. पुष्कळांना वाटते, अभय म्हणजे आपल्याला भीती न वाटणे. आम्हांला वाटते, आपली भीती दुसऱ्याच्या पदरात न टाकणे, इतके जरी साधले तरी त्या गुणाची पहिली पायरी चढल्यासारखे आहे.

वारकऱ्याला हे समजायला लांब जायला नको. दर्शनबारीत पिशव्या तपासतात. आपण निमूटपणे पिशवी उघडतो; कोणी रागावत नाही, कारण पुढच्याची उघडली, मागच्याचीही उघडणार. पण उद्या तपासणारा म्हणाला की, अमुक गावच्या, अमुक वेषाच्या माणसांच्याच पिशव्या उघडा, बाकीच्यांनी पुढे चला, तर रांगेतली शांतता किती वेळ टिकेल? त्रास तोच, वेळ तेवढाच. पण पहिल्यात आपण सगळे मिळून एक ओझे उचलतो आणि दुसऱ्यात ते एकाच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो. सुरक्षेचा कोणताही नवा नियम आला की आधी हे विचारावे: तो ज्याने केला त्याच्या अंगावर तो कधी येणार आहे का?

पॅरिसच्या हल्ल्यानंतरच्या त्या आठवड्यात दार लावणाऱ्यांत पोलंडही होता. आधीच्या सरकारने काही हजार निर्वासित घेण्याचे कबूल केले होते. नव्या सरकारने हल्ल्याचे कारण पुढे करून माघार घेतली, आणि त्या वाटपातला एकही माणूस शेवटपर्यंत घेतला नाही. २०२० साली युरोपच्या न्यायालयाने त्याबद्दल पोलंडला दोषी ठरवले. पुढे २०२२ मध्ये शेजारच्या युक्रेनवर संकट आले तेव्हा याच पोलंडच्या लोकांनी लाखोंना आपल्या घरांत घेतले. तेव्हा दया त्यांच्या ठायी नव्हती, असे म्हणता येणार नाही.

आणि पोलंडचे नाव निघाले की कोल्हापूरचेही निघते. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियाकडे हाकललेली पोलिश कुटुंबे सुटल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतली पाच हजारांच्या आसपास माणसे, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून कोल्हापूर संस्थानात वळिवड्याच्या छावणीत राहिली. ना भाषा ठाऊक, ना वेष, ना धर्म. वर्साव शहरात आज त्या आठवणीचे स्मारक उभे आहे. १९४८ पर्यंत ती मंडळी निघून गेली, आणि त्याच छावणीत सिंधमधून उठून आलेली आपली निर्वासित कुटुंबे येऊन राहिली. त्या वस्तीला आता गांधीनगर म्हणतात. कापडाची मोठी पेठ आहे. कोल्हापूरकडची माणसे लग्नाचा बस्ता बांधायला तिथेच जातात.